हडसनकाठच्या गडाची देवी

दगडाला वास असतो हे न्यू जर्सीत इतकी वर्षं राहून मी विसरूनच गेले होते. इथली घरं लाकडाची, भिंती पोकळ. खिळा मारायचा तरी आत काही आहे का ते आधी ठोकून बघावं लागतं. परवा शनिवारी ईशाच्या मागोमाग त्या बुटक्या दारातून वाकून आत शिरले आणि उन्हाचं तोंड न पाहिलेल्या, जुन्या, गार दगडाचा वास नाकात गेला. पाठोपाठ आई आठवली. खरं सांगायचं तर ती आठवू नये म्हणूनच मी तेवीस वर्षं या किल्ल्याकडे फिरकले नव्हते.

ईशा माझी मुलगी. पिस्कॅटवेला युनिव्हर्सिटीत आहे आणि यंदा तिने जुन्या इमारतींवरचा एक कोर्स घेतलाय. "आई, चल ना. They moved a whole castle, स्टोन बाय स्टोन. You'll love it," असं तिने फोनवर सांगितलं, तेव्हा मी हा किल्ला आधी पाहिलाय हे बोलले नाही. ती ड्राइव्ह करत होती, मी शेजारी बसून मेपलची लाल होत चाललेली पानं बघत होते आणि मनात म्हणत होते, एखादं एक्झिट चुकलं तर बरं.

एक्झिट चुकलं नाही. हडसनच्या काठावर, कड्याच्या टोकाशी तो उभा होता, तसाच. किल्ला म्हणजे चार मजली एकच एक चिरेबंदी मनोरा. पाच-सहाशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधल्या कुणा सरदाराने राहण्यासाठी आणि लढण्यासाठी बांधलेला. शंभरेक वर्षांपूर्वी इथल्या एका गडगंज माणसाला तो आवडला, म्हणून त्याने दगडांवर आकडे घालून तो सगळा सुटा केला, जहाजाने आणला आणि तिकडच्या नदीऐवजी या नदीकाठी पुन्हा रचला. आतल्या भिंतींवर अजून कुठे कुठे पांढऱ्या रंगातले आकडे दिसतात. पहिल्यांदा आले तेव्हा मला त्या दगडांचं हसू आलं होतं. आता, इथे जन्म घालवल्यावर, तसं हसू येत नाही.

मीही किल्ल्याखालचीच. साताऱ्याकडे आमच्या गावाच्या पाठीशी एक गड आहे. इतिहासाच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला दोन ओळीसुद्धा आल्या नाहीत, पण आमच्या घरात त्याचा दरारा फार. नवरात्रातल्या एका मंगळवारी आई शाळेत रजा टाकायची. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, आवाज खणखणीत, आणि रजा वर्षातून तेवढी एकच. पहाटे चूल पेटायची. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा, चार काकड्या. एवढं फडक्यात बांधून आम्ही निघायचो. बाबा खाली राहायचे. गड कुठे पळून जातोय, म्हणायचे, आणि वर्तमानपत्र उघडायचे.

वाटेवर गवत माझ्या खांद्याला लागायचं. आश्विनातल्या त्या गवताला एक वास असतो, अर्धा ओला, अर्धा सुकत आलेला, आणि त्यात सोनकीच्या पिवळ्या फुलांचा कडवटपणा मिसळलेला. पुढे आईच्या साडीचा काठ, मागे गल्लीतल्या बायकांचं दम खात चाललेलं बोलणं. दरवाजापाशी आलं की आई उंबऱ्याला हात लावून तोच हात कपाळाला लावायची. मग टाक्याचं पाणी. ओंजळीत घेतलं की दात शिवशिवायचे आणि जिभेवर शेवाळाची चव राहायची. भूक तर पायथ्यापासूनच लागलेली असायची, पण देवीला भेटल्याशिवाय शिदोरी सोडायची नाही हा नियम. प्रत्येक गडाला देवी असतेच, आई सांगायची. गडकरी बदलतात, देवी बदलत नाही.

आमच्या गडाची देवी म्हणजे एक तांदळा. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता शेंदूर माखलेला गुळगुळीत दगड, डोक्यावर छप्परही नाही. मला लहानपणी तिची भीती वाटायची आणि आईला तिच्याशी इतकं मोकळं बोलताना बघून हेवा वाटायचा. आई तिला पावसापाण्याचं सांगायची, बाबांच्या बदलीचं सांगायची, माझ्या गणिताच्या मार्कांचंही सांगायची, जे मी बाबांपासून लपवलेले असायचे. आता तिथे देऊळ बांधून फरशी बसवली आहे म्हणे, आणि देवीला चांदीचे डोळे. मागच्या खेपेला भाच्याने मोबाइलवर फोटो दाखवला. मला ती ओळखू आली नाही.

मग मी पिस्कॅटवेला आले. केमिस्ट्रीत पीएचडी करायला. दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही चौघी मुली, एक नागपूरची, एक डोंबिवलीची, एक पुण्याची आणि मी. चौघींची मराठी चार तऱ्हांची, भांडण मात्र एकाच विषयावर, कुकर कुणी घासायचा. फोडणी दिली की स्मोक अलार्म वाजायचा आणि जी रिकामी असेल तिने खुर्चीवर चढून त्याच्यासमोर टॉवेल हलवायचा. त्या काळातल्या सगळ्या संध्याकाळी मला जळक्या मोहरीच्या वासाच्या आठवतात. आणि लाज आठवते. लॅबमध्ये डबा उघडला की वास सुटायचा, म्हणून मी जिन्यात उभी राहून बटाट्याची भाजी खायचे. मला कुणी कधी काही बोललं नव्हतं. कुणी बोलायच्या आतच मी जिन्यात गेलेली असायचे.

माझ्या तिसऱ्या उन्हाळ्यात आई आली. नुकतीच निवृत्त झालेली, दोन बॅगा, त्यातली एक निव्वळ मसाल्यांची. ती हॉलमध्ये गादीवर झोपायची आणि आठवडाभरात त्या घराची मालकीण झाली. चौघींच्या डोक्याला तेल, चौघींना ताकद म्हणून सकाळी भिजवलेले बदाम. डोंबिवलीची म्हणायची, यार, काकूंना जाऊच देऊ नका. कुकर कुणी घासायचा हा प्रश्नच उरला नाही. साडीवर स्वेटर आणि पायात पांढरे बूट अशी ती रोज संध्याकाळी पार्किंग लॉटला फेऱ्या मारायची आणि सगळ्या जगाला हॅलो म्हणायची. मला त्या हॅलोचीसुद्धा थोडी लाज वाटायची. आता लिहिताना स्वतःचा राग येतो, पण तेव्हा वाटायची हे खरं.

लॅबमधल्या जेनिफरकडे गाडी होती. तुझ्या आईला कुठे तरी फिरवून आणूया, असं तीच म्हणाली, आणि आईने शाळेत आयुष्यभर किल्ले शिकवलेत हे कळल्यावर तिने हा किल्ला शोधून काढला. आईने पहाटे उठून दशम्या केल्या. जेनिफरसाठी वेगळ्या, बिनतिखटाच्या चटणीच्या.

आईने मनोऱ्याभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला. तट नाही, बुरूज नाही, पाण्याचं टाकं नाही, हा कसला गड. पण आत शिरल्यावर भिंतीची जाडी तिने हात पसरून मोजली. तीर मारायच्या उभ्या फटी बघून म्हणाली, ह्या मात्र आपल्यासारख्या जंग्या आहेत. त्यातून खाली नदी दिसत होती, रुंद, संथ, एक बोट जवळजवळ थांबलेली. आम्हाला भूक लागली होती. आई पिशवी उघडेना. ती प्रत्येक कोपऱ्यात, जिन्याच्या वळणात डोकावून बघत होती. जेनिफरने मला विचारलं, तुझी आई काय शोधतेय? आई गडाची देवी शोधत होती. मी म्हटलं, रेस्टरूम. जेनिफर भली मुलगी, तिने आईचा हात धरून तिला खाली रेस्टरूमपर्यंत नेऊन सोडलं. आई परत आली आणि पुन्हा शोधू लागली.

तिसऱ्या मजल्यावर, शेकोटीच्या बाजूला, भिंतीत एक कोनाडा आहे. त्यात कधी काळी कुणाचा तरी कोरीव चेहरा असावा. काळाने आणि प्रवासाने झिजून आता नुसता गुळगुळीत उंचवटा राहिलाय. आई त्याच्यासमोर थांबली. "ही बघ," ती म्हणाली. "मी म्हटलं नव्हतं, असणारच." तिचा चेहरा असा फुलला होता की मला आमच्या गडावरची, टाक्यापाशी केस सोडून बसलेली तरुण आई दिसली. तिने पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला, त्या उंचवट्याला हळद-कुंकू लावलं, बाहेरच्या वाफ्यातला एक झेंडू पायाशी ठेवला आणि डोळे मिटून हात जोडले.

गार्ड जिन्यातून वर आला. म्हातारा, निळ्या शर्टातला. तो म्हणाला, मॅम. एवढंच. मी धावत पुढे गेले, सॉरी सॉरी म्हणत पाण्याच्या बाटलीने रुमाल ओला केला आणि ते कुंकू खसाखसा पुसलं. ते आणखीच पसरलं. मी बोटांनी पुसलं, फूल उचलून खिशात कोंबलं. जेनिफर बघत होती. आईने डोळे उघडले तेव्हा माझा हात त्या दगडावर होता आणि लाल झाला होता. मी तिला मराठीत, दात दाबून म्हणाले, "आई, इथे असलं काही करत नाहीत. हे तुझं गाव नाहीये. मला इथे राहायचंय."

आईने करंड्याचं झाकण लावलं. खाली हिरवळीवर आम्ही दशम्या खाल्ल्या. जेनिफरने तीन खाल्ल्या आणि आईने तिला चटणी कशी करतात ते सविस्तर सांगितलं. माझ्याशीही ती नीट बोलली. तेच मला तेव्हा बरं वाटलं होतं, आणि तेच नंतर वर्षानुवर्षं खुपत राहिलं.

तिचं तिकीट सप्टेंबर अखेरचं होतं. गणपतीला घरी असायला हवं म्हणून तिने ते आधीचं करून घेतलं. गणपती दर वर्षीच येतात हे मी तिला म्हणाले नाही. ती गेली, आणि पुन्हा आली नाही. व्हिसा दहा वर्षांचा होता. एका वर्षी बाबांचं ब्लडप्रेशर, एका वर्षी तिचे गुडघे, एकदा लोणच्याचा हंगाम. ईशाच्या वेळी तर मी हक्काने बोलावलं. लेकीच्या बाळंतपणाला आई येत नाही असं आमच्याकडे कुणी ऐकलंसुद्धा नसेल. तिने पुण्याहून येणाऱ्या कुणाबरोबर डिंकाचे लाडू पाठवले, अळीव पाठवले, बाळाच्या दुपट्यांचा ढीग पाठवला. स्वतः आली नाही. सासूबाई आल्या, त्यांनी प्रेमाने सगळं केलं, आणि मी बाथरूमचा नळ सोडून आईसाठी रडले. बाबा गेल्यावर मी पुन्हा म्हटलं, आता चल इकडे. ती म्हणाली, झाडांना पाणी कोण घालणार.

आम्ही दर दोन वर्षांनी जातो. ती जाड साय काढून ठेवते, ईशाला मराठीत रागावते, निघताना हातावर दही ठेवते. काही कमी नाही. फक्त तो दिवस दोघींपैकी कुणी काढत नाही. आणि मी तेवीस वर्षं एकच प्रश्न गिळून बसले आहे की ती माझ्यामुळे येत नाही का. विचारलं नाही, कारण ती हो म्हणाली तर?

परवा तिसऱ्या मजल्यावर ईशा वहीत कमानीचं चित्र काढत होती आणि मी कोनाड्यापाशी उभी होते. आता समोर एक दोर बांधलाय. दगड स्वच्छ होता. कुंकवाचा मागमूस नव्हता. कसा असेल, मी काय कमी घासलं होतं. तरी मी वाकून वाकून बघत राहिले. ईशाने विचारलं, काय शोधतेस, आणि मी या वेळी खोटं बोलले नाही. तिला सगळं सांगितलं. ती वही मिटून ऐकत होती.

"मग गार्ड काय म्हणाला?" तिने विचारलं.

मॅम म्हणाला, मी सांगितलं.

"आणि नंतर?"

नंतर काही नाही. मी तोवर पुसलंच होतं.

"So he never said no," ईशा म्हणाली. तिने ते मला टोचायला म्हटलं नव्हतं, ती फक्त समजून घेत होती. पण मी खिडकीच्या कट्ट्यावर बसले. इतक्या वर्षांत मला हे सुचलंच नव्हतं. त्या म्हाताऱ्याने कदाचित विचारलं असतं, हे काय आहे, मॅम? आणि आईने तिच्या खणखणीत आवाजात, मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याला सांगितलं असतं. कदाचित नाहीही म्हणाला असता, पुसा म्हणाला असता, तर तिने पुसलं असतं. तिच्या हाताने. मी त्या दोघांनाही बोलू दिलं नाही.

ईशाने फोन माझ्या हातात दिला. "कॉल आजी," ती म्हणाली.

तिकडे रात्रीचे आठ वाजले होते, आईची मालिका चालू होती. स्क्रीनवर आधी तिचं कपाळ दिसलं, मग पंखा, मग ती. कुठे आहात गं, तिने विचारलं. मी सांगितलं. तिने रिमोट उचलून टीव्हीचा आवाज बंद केला.

"आई," मी म्हटलं, "तू त्या दिवसामुळे परत आली नाहीस का?"

तिने हातातला रिमोट बाजूला ठेवला.

"हो," ती म्हणाली.

इतकी वर्षं मी त्या शब्दाला घाबरले होते आणि तो इतका साधा होता. आई पुढे हळूहळू बोलत गेली. "फार लागलं होतं गं. वाटलं, पोरीला आपली लाज वाटते, तर कशाला जायचं. ईशाच्या वेळी बॅग भरली होती मी. भरली आणि रिकामी केली. त्याचं मला आजही वाईट वाटतं. मग राग गेला, कधीच गेला. पण तोवर न येण्याची सवय लागली होती."

मी म्हटलं, मला बोलायचं होतंस. ती म्हणाली, तू बोलायचं होतंस. दोन्ही खरं होतं. मग मी तिला सरळ म्हटलं, "चुकलं माझं, आई." ईशा तोंड फिरवून नदी बघत होती. आई स्क्रीनच्या जवळ आली. ऐंशी वर्षांची झाली आहे ती, गालांची हाडं दिसतात आता, डोळ्यांच्या कडा सदा ओल्या असतात, त्यामुळे ती रडते की नाही हे मला कळेना.

"बरं, पुरे," ती म्हणाली. "आता फोन तिकडे कर. किती वेळ मला तुझाच चेहरा दाखवतेस. तिला बघू दे."

मी कॅमेरा फिरवला आणि दोराच्या अलीकडून हात लांब करून फोन कोनाड्यासमोर धरला. आई सांगत होती, जरा जवळ ने, जरा खाली, उजेड पडतोय, हां, तिथेच. मग ती बोलू लागली, माझ्याशी नव्हे. शब्द नीट ऐकू येत नव्हते, फक्त तिचा सूर कळत होता, सावकाश, कुणाला तरी खूप दिवसांचं साठलेलं सांगावं तसा. मध्येच मला ईशाचं नाव ऐकू आलं, मग बाबांचं. ती आटपत नव्हती. माझ्या हाताला कळ लागली, तो मी दुसऱ्या हाताने तोलून धरला.

जिन्यातून एक कुटुंब वर आलं. आई-वडील आणि दोन मुलं, त्यांना शेकोटीपाशी फोटो काढायचा होता, आणि मी नेमकी मध्ये उभी होते. तो गृहस्थ अवघडून म्हणाला, एक्स्क्यूज मी. मी मान वळवली. हात खाली घेतला नाही.

जरा थांबाल का, मी त्यांना म्हटलं, माझी आई आली आहे.